रिक्षाचं भाडं आणि रेषेचं समीकरण

प्रश्न : सर, एकाच रेषेच्या समीकरणाची इतकी रूपं कशाला? परीक्षेत कोणतं लिहायचं?
– अकरावीची विद्यार्थिनी, कुर्ला

उत्तर : अगं, आधी हातात काय आलंय ते बघ. १ फेब्रुवारी २०२५ला लागू झालेले मुंबईतले रिक्षाचे दर घे : पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरमागे १७.१४. क्ष म्हणजे किलोमीटर, य म्हणजे भाडं. बिंदू (१.५, २६) आणि चढ (क्ष एकने वाढला की य किती वाढतो ते) १७.१४ आयतेच मिळाले. मग सरळ लिही : य − २६ = १७.१४(क्ष − १.५). कंस सोडवायची मुलांना भारी हौस. सोडवलास, तर य = १७.१४क्ष + ०.२९. हे २९ पैसे कसले? कसलेच नाहीत! दीड किलोमीटरच्या आत ही रेषा लागूच नाही, तिथे भाडं सपाट २६.

सेल्सिअसचं (स) फॅरनहाइट (फ) करायच्या फ = १.८स + ३२ मध्ये मात्र ३२ला अर्थ आहे, तिथे पाणी गोठतं.

वीसचा वडापाव, दहाचा चहा, खिशात दोनशे? क्ष वडापाव, य चहा : २०क्ष + १०य = २०० तसंच ठेव. नुसते वडापाव घेतले तर १०, नुसता चहा घेतला तर २०. दोन बिंदू मिळाले, काढ आलेख.

परीक्षेत रूप सांगितलं असेल तर तेच. नसेल, तर अपूर्णांक घालवून सगळं एका बाजूला आण. पेपर तपासणाराही दुवा देईल.