नेमापेक्षा ओझे अवघड

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत नोकरीला आहे. त्याचे सहकारी दर सप्टेंबरात मूसच्या (उत्तरेकडच्या थंड रानातल्या अजस्र हरणाच्या) शिकारीसाठी अलास्काला जातात. दुर्बीण लावलेली रायफल हाती असताना यात कौशल्य ते काय? – एक वाचक, सांगली

उत्तर : नेमबाजीपुरती आपली शंका रास्त आहे. उंटाएवढे जनावर शंभर मीटरवर आडवे उभे असेल, तर गोळी लागणे फारसे कठीण नाही. अवघड आहे ते त्याच्या आधीचे आणि नंतरचे.

लहान विमान शिकाऱ्यांना नदीकाठच्या वाळूवर किंवा तळ्यात उतरवून निघून जाते. त्या दिवशी शिकार करण्यास कायद्याने मनाई असून, दुसऱ्या दिवशी पहाटे तीननंतरच ती करता येते. माजाच्या दिवसांत मादीसारखा लांब हंबरडा काढून किंवा खांद्याचे वाळके हाड झुडपावर घासून नराला जवळ आणावे लागते. मात्र वारा पाठीमागून आला की सारा खटाटोप फुकट जातो. नर समोर आला तरी अनेक विभागांत त्याच्या शिंगांचा पसारा किमान 50 इंच किंवा कपाळाजवळची टोके ठरलेल्या संख्येइतकी असावी लागतात, आणि ही मोजणी शिंगे झाडोऱ्यात अर्धी लपलेली असताना, नजरेनेच करायची असते. अंदाज चुकला तर तो गुन्हा ठरतो.

गोळी झाडल्यावर खरी मेहनत सुरू होते. मोठ्या नरापासून सव्वादोनशे किलोंच्या आसपास मांस निघते आणि खाण्याजोगे मांस रानात टाकून येणे हाही तिथे गुन्हाच आहे. तळ दोन किलोमीटरवर असेल आणि माणूस खेपेला चाळीस किलो वाहत असेल, तर सहा खेपांत, रिकामे परतणे धरून, बावीस किलोमीटर चाल होते, तीही गुडघाभर दलदलीतून. (मुंबईच्या हमालांना यातले मर्म चटकन कळेल.) शिंगे शेवटच्या खेपेलाच उचलता येतात, त्यामुळे शिंगांसाठी आलेल्यालाही आधी मांस वाहावेच लागते. शिवाय कातडे लगेच उतरवून, मांस जाळीदार पिशव्यांत घालून सावलीत टांगले नाही, तर हाडालगत ते आंबते. आणि त्या वासावर अस्वल येण्याची भीती असतेच. अशात धुके पडले, तर ठरल्या दिवशी विमान येईलच असे नाही, म्हणून चार दिवसांचा शिधा जास्तीचा ठेवावा लागतो.

आपण स्वतः भारतातून पाहुणे म्हणून जाऊन शिकार करू म्हणाल, तर परदेशी पाहुण्याला तिथे परवानाधारक वाटाड्याशिवाय मूसची शिकार करता येत नाही.