वितरित संगणन: वाटलेलं की वाटून घेतलेलं?

प्रश्न थोडक्यात असा: भाचीला पीएचडी मिळाली, गावात सत्कार ठरला. पत्रिकेत तिच्या संशोधनाचा विषय 'वितरित संगणन आणि वैज्ञानिक विदा व्यवस्थापन' असा लिहिला, तर छापखान्यातल्या माणसाने विचारलं, "वितरित म्हणजे? कुणी कुणाला काय वाटलं?" शब्द चुकला आहे का?

चुकलेला नाही, पण त्या माणसाचा कान फार चांगला आहे. मराठीत वितरण म्हटलं की एक देणारा आणि पुष्कळ घेणारे डोळ्यांसमोर येतात. बक्षीस वितरण, धान्य वितरण, चित्रपटाचे वितरक, घरी बिल पाठवणारं महावितरण. वस्तू एकाकडे असते, तो ती वाटतो आणि त्याचं काम संपतं.

वितरित संगणनात, म्हणजे डिस्ट्रिब्युटेड कॉम्प्युटिंगमध्ये, मुख्य गोष्ट ही नाही. तिथे एकच मोठं काम अनेक संगणक मिळून करतात, सतत एकमेकांना निरोप देतात, आणि एखादा मध्येच बंद पडला तर त्याचा वाटा दुसऱ्याने उचलावा अशी सोय केलेली असते. यासाठी आपल्याकडे नेमकं क्रियापद आहे: वाटून घेणे. 'आजीने लाडू वाटले' आणि 'जावांनी लग्नघरातलं काम वाटून घेतलं' ही दोन वाक्यं शेजारी ठेवून पाहा. दुसऱ्यात लाडवांची परात हातात धरलेलं कुणी नाही. सगळ्याच कामाला लागल्या आहेत, आणि एकीचं आवरलं नाही तर पंगत सगळ्यांचीच खोळंबते. त्या एका 'घेणे'ने केवढा अर्थ पेलला आहे!

'विखुरलेलं' हा पर्याय काही जण सुचवतात. त्यात अंतर येतं, मेळ येत नाही. 'विकेंद्रित' तर वेगळंच सांगतो: निर्णय कोण घेतं ते. वाटून घेतलेल्या कामावरही एक मुकादम असू शकतो.

प्रत्यक्षात हे कसं चालतं ते जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेच्या उदाहरणावरून कळेल. तिथल्या महाकाय त्वरकात, म्हणजे कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्रात, कणांच्या टकरी होतात आणि त्यांच्या नोंदी इतक्या प्रचंड असतात की एका जागी त्यांचा अभ्यास उरकत नाही. म्हणून ४०हून अधिक देशांतली सुमारे १७० केंद्रं ते काम करतात. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचं व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर त्यांत आहेत. संशोधक आपला प्रोग्राम पाठवतो, आणि शक्यतो ज्या केंद्रात त्याला हव्या असलेल्या नोंदींची प्रत आहे तिथे तो चालवला जातो. ढीग हलवण्यापेक्षा माणूस ढिगापाशी नेणं स्वस्त, हे खळ्यावर काम केलेल्या कुणालाही पटेल.

मग प्रती किती, कुठे, किती दिवस ठेवायच्या, हे सांभाळणं म्हणजे तुमच्या पत्रिकेतला दुसरा भाग, विदा (डेटा) व्यवस्थापन. फाइल एका देशातून दुसऱ्या देशात पोचली की तिच्या सगळ्या बाइट्सवरून एक छोटा आकडा काढतात आणि तो मूळ आकड्याशी जुळतो का ते पाहतात. इंग्रजीत त्याला चेकसम म्हणतात. मला त्यासाठी 'ताळा' हाच शब्द आवडतो. गुणाकार बरोबर आला का, हे पाहायला आपण शाळेत ताळा करत होतो; इथेही तेच चाललं आहे. नवा शब्द घडवायची गरजच नाही.

'विदा' मात्र घडवलेला आहे, 'विद्' धातूची आठवण करून देणारा. मराठी संकेतस्थळांवर तो रुळला. शालेय गणितात 'सामग्री' भेटते. मला विदा पसंत आहे, कारण 'माहिती' म्हणजे अर्थ लागलेली गोष्ट आणि विदा म्हणजे अर्थ लागण्याआधीची. अडचण त्याच्या रूपाची आहे. पुल्लिंगी धरून घोडा-घोड्याचा असं चालवलं तर 'विद्याचा' होतं आणि थेट विद्येशी गाठ पडते. म्हणून राजा-राजाचा याप्रमाणे 'विदाचा' म्हणावं.

तुमच्या ओळीतली खरी गफलत 'वैज्ञानिक'ची आहे. 'वैज्ञानिक विदा व्यवस्थापन' यात वैज्ञानिक काय, विदा की व्यवस्थापन? मराठीत विभक्ती असताना वाचकाला या कोड्यात का टाकायचं? 'वैज्ञानिक प्रयोगांतल्या विदाचं व्यवस्थापन' लिहा.

'वितरित संगणन' राहू द्या; पारिभाषिक नाव म्हणून ते आता स्थिरावलं आहे. त्याखाली लहान अक्षरांत एवढंच छापा: 'एकच मोठं काम अनेक ठिकाणच्या संगणकांनी वाटून घेऊन करणं, आणि प्रयोगांतून मिळालेल्या नोंदी नीट जपणं.' गावातल्या मंडळींना भाची काय करते ते कळेल. छापखान्यातल्या त्या माणसाला पहिली पत्रिका द्या.