बोर्ड गेममधले मिनिएचर रंगवायचेत, पण चित्रकलेत ढ आहे आणि हातही थरथरतो. जमेल का? सुरुवात कुठून करू?

जमेल हो. शाळेत चित्रकलेच्या तासाला दोन डोंगर आणि मधून उगवणारा सूर्य याच्यापुढे माझी कधी मजल गेली नाही, आणि आज माझ्याकडे दीडशेच्या वर रंगवलेले मिनी, म्हणजे हे छोटे पुतळे, आहेत. यात चित्र काढायचंच नसतं ना, आकार आधीच कोरलेला असतो, घड्या, पट्टे, दाढी सगळं तयार. तुम्हाला फक्त रंग भरायचाय आणि सावली पाडायचीय. त्यातली सावलीच महत्त्वाची, रंग भरणं कोणीही करतं.

सावली का, तर हे पुतळे असतात 28 ते 32 मिलीमीटरचे. खऱ्या माणसाच्या शर्टाच्या घडीत खोलीतल्या उजेडाने आपोआप काळोख पडतो, पण एवढ्याशा पुतळ्याच्या घडीत तो पडतच नाही, म्हणून नुसता लाल झगा रंगवला की तो सपाट प्लॅस्टिकचा वाटतो. मग ती सावली आपण रंगवायची. आणि ती रंगवायला हात स्थिर असावा लागत नाही, कारण ते काम वॉश करतो.

वॉश म्हणजे एकदम पातळ, पारदर्शक, गडद रंग. बहुतेक वेळा तपकिरी किंवा काळा. मूळ रंग पूर्ण सुकले की तो ब्रशने अंगभर लावायचा. पहिल्यांदा लावाल तेव्हा वाटेल की गेलं सगळं, चिखलात बुडवल्यासारखं दिसतं, घाबरू नका. एक मिनिट नीट बघत बसा. उंचवट्यावरून तो हळूहळू खाली ओघळतो आणि बोटांच्या फटीत, पट्ट्याच्या कडेला, दाढीच्या खाचांत जाऊन बसतो, आणि मघाशी जो नुसता गुलाबी गोळा होता तो एकदम पाच बोटांचा हात दिसायला लागतो. मला अजूनही हा क्षण बघायला मजा येते. जिथे डबकं साचलंय, म्हणजे बहुतेक पायाशी आणि झग्याच्या खालच्या काठाला, तिथून ओलसर ब्रशच्या टोकाने टिपून घ्या. पण हे ओलं आहे तोवरच, अर्धवट सुकल्यावर हात लावलात की त्याचा गोल डाग पडतो आणि तो जात नाही. अर्धा तास बाजूला ठेवून द्या, सरळ दुसऱ्याकडे वळा.

आता त्याच्या आधीचं. पुतळे कोमट पाण्यात साबण टाकून जुन्या टूथब्रशने घासून घ्या, साच्यातून काढताना लावलेला तेलकट थर राहिलेला असू शकतो आणि त्यावर रंग धरत नाही. भाला किंवा तलवार वाकलेली असेल (गेममधल्या मऊ प्लॅस्टिकची हमखास असते) तर कडक गरम पाण्यात थोडे सेकंद बुडवा, सरळ करा आणि लगेच थंड पाण्यात धरा. मग प्रायमर, म्हणजे रंग धरावा म्हणून आधी लावायचं अस्तर. हे टाळू नका, नाहीतर रंग नखाने निघतो. स्प्रे घेणार असाल तर आधी एकाच पुतळ्यावर मारून बघा, मऊ प्लॅस्टिकवर काही स्प्रे चिकटच राहतात, सुकतच नाहीत. ब्रशने लावायचा प्रायमर जरा वेळखाऊ पण बिनधोक.

रंग अॅक्रिलिक घ्या, पाण्यात मिसळतो, वासही फार नसतो. आणि बाटलीतून थेट लावू नका!! माझ्या पहिल्या मिनीचं मी तेच केलं, बिचाऱ्याचे नाक-डोळे रंगाखाली गाडले गेले, अजून ठेवलाय तो समोर. पॅलेटवर थेंबभर पाणी घालून दुधाइतका पातळ करायचा आणि दोन थर द्यायचे. पहिला थर फिका, पट्टेपट्टे दिसतो, म्हणून माणूस लगेच तिथेच अजून रंग थापतो. थापू नका, सुकू द्या.

ब्रशबद्दल सगळ्यांची एकच चूक होते, बारीक काम म्हणून तीन शून्यवाला केसाएवढा ब्रश आणतात. त्यात रंगच मावत नाही, पुतळ्यापर्यंत पोचेपर्यंत टोकावर सुकून जातो. एक किंवा दोन नंबरचा घ्या, फक्त टोक छान जुळणारं हवं. रंगात निम्म्याच्या वर बुडवू नका, केसांच्या मुळाशी पत्र्यात रंग गेला की ते टोक परत जुळत नाही.

थरथरणाऱ्या हाताचं म्हणाल तर थोडा सगळ्यांचाच थरथरतो. पुतळा बाटलीच्या बुचावर चिकटवा, ते बूच धरा, दोन्ही कोपरं टेबलावर आणि दोन्ही मनगटं एकमेकांना टेकवलेली. मग हात हललाच तर पुतळा आणि ब्रश बरोबर हलतात. डोळे रंगवायच्या भानगडीत पहिल्या दहापंधरा मिनीत पडूच नका, वॉश तिथे आपोआप काळोख करतो आणि हातभर अंतरावरून तो डोळाच वाटतो. खेळताना तेवढ्याच अंतरावरून दिसणार ना.

2019 मध्ये सिटाडेल या मिनीच्या रंगांच्या ब्रँडचे कॉन्ट्रास्ट नावाचे रंग आले, ते फिक्या प्रायमरवर एका थरात रंग आणि सावली दोन्ही देतात. नंतर इतरांनीही तसे काढले. काही लोक नाकं मुरडतात, मी नाही. चाळीस झॉम्बी रंगवायचे असतील तर माझा पहिला हात त्यांच्यावरच जातो.

शेवटी मॅट वार्निश, म्हणजे चमक नसलेला पारदर्शक थर, कारण खेळताना बोटं लागून कोपऱ्यांचा रंग उडतो. फक्त दमट हवेत स्प्रे मारू नका. मी पावसाच्या दिवशी खिडकीत उभं राहून मारला आणि सहा पुतळ्यांवर धुकं पसरल्यासारखा पांढरा थर आला, तीन आठवड्यांची मेहनत. ब्रशने लावायचा मिळतो, तोच घ्या.

आणि हो, सुरुवात मुख्य हिरोवर करू नका. बॉक्समध्ये एकसारखे सहा-आठ फडतूस शत्रू असतातच, त्यातले चार उचला.