मुंबईतल्या मिठी नदीचा गाळ दरवर्षी काढतात, तरी कुर्ल्यात पाणी का भरतं?

कारण गाळ वरून येतच राहतो. मिठी विहार तलावाच्या सांडव्यापासून निघते, पवई तलावाचं जादा पाणी घेते आणि जेमतेम १८ किलोमीटरवर माहीमच्या खाडीला मिळते. वरचा उतार उघडा पडला की पहिल्याच जोरदार सरीला तांबडी माती नाल्यात. त्यात भरती असली की खाडी पाणी घेत नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा नेमकं हेच झालं.

काम माथ्यापासून पायथ्याकडे हवं: उतारावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले), ओघळींत दगडी बांध, झाडोरा शाबूत. खाली नुसत्या भिंती बांधून पात्र आवळणं मला तरी पटत नाही. एवढ्या पावसाला चर पुरणार नाहीत, पण गाळ नक्की घटेल.