शंकासमाधान : घरच्या घरी धिंगरी अळंबी

प्रश्न : घरातील रिकाम्या खोलीत बटन अळंबी लावण्याचा विचार आहे. सुरुवात कशी करावी? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : सुरुवात बटन अळंबीने करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिला कुजवून तयार केलेले कंपोस्ट, त्यावर केसिंग मातीचा, म्हणजे झाकण म्हणून पसरायच्या मातीचा थर आणि पीक येण्याच्या काळात साधारण १४ ते १८ अंश सेल्सिअस तापमान लागते; नागपुरात थंडीचे मोजके दिवस वगळता वातानुकूलनाशिवाय हे साधत नाही. धिंगरी (ऑयस्टर अळंबी) मात्र २० ते ३० अंशांत, कुजवण्याच्या खटाटोपाविना, साध्या पेंढ्यावर किंवा गव्हाच्या काडावर येते. एप्रिल-मेमध्ये तिच्याही वाटेला जाऊ नये. पावसाळ्यात हवा निवल्यावर सुरुवात करावी आणि पहिल्या खेपेस दोन-तीन पिशव्यांवर भागवावे.

प्रश्न : भाताचा पेंढा रात्रभर भिजवून, उकळत्या पाण्यात बुडवून लगेच बाहेर काढला आणि पिशव्या भरल्या. आठवड्यानंतर हिरवे डाग पडून आंबूस वास येऊ लागला. स्पॉन (अळंबीचे बियाणे) खराब होते काय? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : दोष स्पॉनचा असण्यापेक्षा पेंढ्याचा असण्याची शक्यता अधिक आहे. हिरवे डाग बहुधा ट्रायकोडर्मा या बुरशीचे असतात आणि पेंढ्यात मुळातच असलेले तिचे बीजाणू नुसत्या बुडवण्याने मरत नाहीत. दोन-तीन सेंटीमीटरचे तुकडे केलेला पेंढा भिजवल्यानंतर सुमारे ८० अंश तापमानाच्या पाण्यात पूर्ण तासभर बुडालेला राहायला हवा. फॉर्मेलिन हे जंतुनाशक आणि कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक वापरून निर्जंतुकीकरण करण्याची पद्धत व्यावसायिक उत्पादकांत रूढ आहे, परंतु राहत्या घरात फॉर्मेलिनची वाफ कोंडून घेण्यापेक्षा गरम पाणीच बरे.

आंबूस वासाचे कारण जादा पाणी. पेंढा स्वच्छ जागी निथळत ठेवावा आणि मूठभर घेऊन घट्ट पिळावा : पाण्याची धार लागली तर आणखी थांबावे, तळहात केवळ ओलसर झाला तर पिशवी भरण्यास हरकत नाही. पेंढा पूर्ण थंड झाल्यावरच, ओल्या वजनाच्या दोन टक्के, म्हणजे पाच किलोस शंभर ग्रॅम स्पॉन, थराथराने विशेषतः कडेने पेरावे आणि पिशवीला लहान छिद्रे पाडावीत. स्पॉनमधील गव्हाचे किंवा ज्वारीचे दाणे शुभ्र तंतूंनी गुंफलेले असावेत. काळा किंवा हिरवा ठिपका दिसल्यास ती पिशवी परत करावी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळंबी संशोधनाचे केंद्र आहे. अशा केंद्रांकडे किंवा कृषी विद्यापीठांकडे स्पॉनची चौकशी करणे इष्ट. डाग पडलेली पिशवी मात्र घरात न उघडता तातडीने बाहेर न्यावी.

प्रश्न : पिशव्या उत्तम पांढऱ्या झाल्या, पण अळंबीचे देठ लांबलचक आणि टोप्या अगदी लहान आल्या. असे का होते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : खोली कोंदट आहे. पहिले पंधरा-वीस दिवस, बुरशीचे तंतू पसरेपर्यंत, अंधार आणि बंद खोली योग्य असते. पिशवी पांढरीशुभ्र झाल्यावर प्लॅस्टिक कापले की गरज नेमकी उलटी होते. साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे आणि अपुऱ्या उजेडामुळे देठ वाढत राहतात. दिवसातून दोन-तीनदा खिडकी उघडावी, वर्तमानपत्र वाचता येईल इतका उजेड येऊ द्यावा आणि पाण्याचा बारीक फवारा मारून हवेतील आर्द्रता ८० ते ८५ टक्क्यांच्या आसपास राखावी. टोपीची कड वर वळण्यापूर्वी काढणी करावी, कारण पक्व धिंगरी असंख्य बीजाणू सोडते आणि त्यांमुळे काहींना खोकला व दम लागतो. काढणीच्या वेळी मास्क लावावा; घरात दम्याचा रुग्ण असल्यास पिशव्या राहत्या खोलीत ठेवूच नयेत.

प्रश्न : पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी पिशवीत लावता येईल का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : नाही. ही टर्मिटोमायसीस वर्गातील अळंबी वाळवीने आपल्या वारुळात जोपासलेल्या बुरशीतून उगवते, तर धिंगरी मेलेल्या काडावर स्वतंत्रपणे जगते. गोव्यात वारुळावरच्या अळंबीला मिळणारा भाव पाहता हा प्रश्न दरवर्षी येतो, परंतु तिचे स्पॉन देऊ करणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

प्रश्न : तीन तोडण्यांनंतर उरलेल्या पेंढ्याचे काय करावे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : खतखड्ड्यात किंवा गांडूळखताच्या वाफ्यात टाकावा. रसायनाची प्रक्रिया केली असल्यास तो जनावरांना घालू नये.