केमो चालू असताना बुरशीविरोधी गोळी बाबांनाच का, शेजारच्या पेशंटला का नाही?

कारण दोघांचा धोका वेगळा आहे. तुमच्या बाबांना एएमएल (एक प्रकारचा रक्ताचा कॅन्सर) आहे, शेजारच्या ताईंना स्तनाचा कॅन्सर.

डॉक्टर सगळ्यात आधी बघतात ते न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी: किती खाली जाणार आणि किती दिवस खाली राहणार. एएमएलच्या पहिल्या केमोत ते 500 च्या खाली जाऊन बहुधा दोन-तीन आठवडे तिथेच राहतात. अ‍ॅस्परजिलस या बुरशीचे बीजाणू हवेत असतातच, आपण रोज श्वासातून घेतो. पण या काळात ते फुफ्फुसात रुजू शकतात. म्हणून पोसाकोनाझोल, म्हणजे बाबांची बुरशीविरोधी गोळी. स्तनाच्या कॅन्सरच्या केमोत काउंट साधारणपणे काही दिवसांतच सावरतो.

बोन मॅरो ट्रान्सप्लांटनंतरचे जास्त डोसाचे स्टिरॉइड, आधी होऊन गेलेली बुरशी, वॉर्डाजवळचं बांधकाम, हेही धरतात. रक्तातली अनियंत्रित साखर आणि स्टिरॉइड एकत्र आले की काय होतं, ते 2021 मध्ये, कोविडच्या लाटेत, म्युकरने (काळ्या बुरशीने) दाखवलंच.

मग सगळ्यांनाच गोळी का देत नाहीत? एएलएल या दुसऱ्या प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये व्हिन्क्रिस्टीन हे केमोचं औषध देतात. त्यासोबत पोसाकोनाझोल दिलं तर व्हिन्क्रिस्टीन शरीरात साचतं, मज्जातंतूंना इजा होते, आतडी ठप्प होऊ शकतात. फ्लुकोनाझोल हे दुसरं बुरशीविरोधी औषध तुलनेने सौम्य, पण ते कॅन्डिडा या बुरशीपुरतं; अ‍ॅस्परजिलसवर चालत नाही.

बाबांची गोळी जेवणासोबतच द्या आणि बाकीची सगळी औषधं डॉक्टरांना दाखवा. ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर, गोळी चालू असली तरी, रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल गाठा.