इम्पोर्ट अडकला की आधी हात थांबव

प्रिय मित्रा,

अंबड आणि सातपूरच्या ऑफिसांतल्या लॅपटॉप-मोबाइलची यादी सामानाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये चढत नाही आणि तू तीच फाइल पुन्हा पुन्हा अपलोड करतोयस, असं कळलं. आधी ते थांबव. काही सॉफ्टवेअर एरर आला की सगळंच मागे घेतात. काही मात्र तोवरच्या ओळी ठेवून देतात. मग पुढच्या प्रयत्नात डुप्लिकेट तयार होतात, नाहीतर 'हा असेट टॅग (म्हणजे वस्तूवर चिकटवलेला नोंदणी क्रमांक) आधीच आहे' असा नवाच एरर येतो आणि मूळ दुखणं त्याखाली दडतं. आत किती नोंदी गेल्यात ते बघ, बॅकअप घे आणि लॉगमधला, म्हणजे सॉफ्टवेअरने लिहून ठेवलेल्या नोंदींतला, पहिला एरर वाच. शेवटचा नव्हे. खालचे बरेचसे त्याचीच पिल्लं असतात.

माझा पहिला संशय एक्सेलवर आहे. सीएसव्हीवर, म्हणजे स्वल्पविरामांनी कॉलम वेगळे केलेल्या त्या यादीच्या फाइलवर, डबल-क्लिक केलंस की मोबाइलचा १५ अंकी आयएमईआय (प्रत्येक फोनचा ओळख क्रमांक) ३.५६ई+१४ असा दिसायला लागतो, आणि तसाच सेव्ह केलास की फाइलमध्येही तेच उतरतं. सिमकार्डाचा १९-२० अंकी नंबर तर आणखी बिघडतो: पंधराव्या अंकापुढे सगळी शून्यं. नंतर फॉरमॅट बदलून ते अंक परत मिळत नाहीत, मूळ यादीच शोधावी लागते. टॅगच्या सुरुवातीची शून्यंही अशीच गळतात. म्हणून एक्सेलच्या डेटा टॅबमधून फाइल आत घे आणि हे सगळे कॉलम टेक्स्ट म्हणून ठरव. तारखाही तपास, ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च, हे सॉफ्टवेअर स्वतःच्या सेटिंगप्रमाणे ठरवतं.

मग लोकेशन. एकाने 'नाशिकरोड' लिहिलंय, दुसऱ्याने 'नाशिक रोड', तिसऱ्याच्या शब्दामागे न दिसणारी स्पेस आहे. आपल्याला ते एकच ठिकाण वाटतं, सॉफ्टवेअरला तीन. कुठे ओळ नाकारली जाते, कुठे गुपचूप नवं लोकेशन तयार होतं. हे दुसरं मला जास्त घातक वाटतं, कारण एरर येतच नाही आणि ऑडिटच्या दिवशी मशीन सापडत नाही. 'अंबड, नाशिक' मधला स्वल्पविराम अवतरणात नसेल, तर पुढचे सगळे कॉलम एकेक घर सरकतात. मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसली, तर मूळ यादीवरून फाइल पुन्हा यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे मराठी अक्षरं टिकवणाऱ्या फॉरमॅटमध्ये, सेव्ह कर.

आता मूळ फाइलची प्रत काढ, त्यातल्या पाचच ओळी ठेव आणि चालव. अडकलं तर लॉगमधली पहिली एररची ओळ आणि फाइलमधली तीच ओळ, दोन्ही जशीच्या तशी मला पाठव.

तुझा,
दादा